हिरवी कोपी

दयानंद चाकणहून घरी आला तेव्हा त्याची चार वर्षांची पोरगी ऋतुजा दारात खेळत होती. त्याला बघून ती आत पळाली आणि चुलीपुढं बसलेल्या आईला म्हणाली, "माय, कोन तरी काका आलेत." पुनम पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तर नवरा उंबऱ्यापाशी वाकून बूट काढत होता. बूट काढायला माणसाला इतका वेळ लागत नसतो. पोरीचं बोलणं त्यानं ऐकलं होतं हे तिला कळलं, आणि तिला कळलं हे त्यालाही कळलं. 

जेवताना तो बापाला म्हणाला, "नाना, मी आता जात न्हाई. निदान एक हंगाम तरी करून बघतो."

शेषेरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. "काय करतूस?"

"मका."

"मका काय पीक हाय का बाबा? पोरांला भाजून खायाला बांधाला लावायची ती."

"तशी न्हाई नाना. बियाण्याची. कंपनी आपल्या रानात बी तयार करून घेती."

दसऱ्याच्या तोंडावरची ही गोष्ट. अहमदपूरच्या मार्केट यार्डात त्याच सकाळी कंपनीचा मेळावा झाला होता आणि दयानंद सुट्टी काढून मुद्दाम त्यासाठी आला होता, तिथूनच पुढं घरी. मागं मोठा फलक लावलेला, त्यावर 'शाश्वत मका, समृद्ध गाव' असं. शाश्वत म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं नाही, कारण तेवढ्यात चहा आला. पण बाकीचं सगळं दयानंदनं कान टवकारून ऐकलं होतं. कोंबड्यांच्या खाद्याला मका लागते, इथेनॉलला मका लागते, उसाच्या मानानं पाणी कमी लागतं, मक्याला आता दिवस आलेत. बियाण्याचा प्लॉट घेणाऱ्याला तर कंपनी हात धरून शिकवणार. पहिल्या वर्षी फक्त अर्धा एकर. तो पास झाला की पुढच्या वर्षी सगळं रान, शिवाय बोरवाडीतल्या शेतकऱ्यांचा गट करायचा आणि त्याचा प्रमुख दयानंद. म्हणजे गावातच राहून काम.

चाकणला तो गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात कंत्राटी होता. ठेकेदारानं सांगून ठेवलं होतं, संक्रांतीपर्यंत जागा राखतो, मग माझ्या नावानं ओरडायचं नाही. पुनमनं एवढं मनात पक्कं धरलं. प्लॉट पास झाला तर माणूस घरी राहील. नाही झाला तर पुन्हा ते फोनमधलं तोंड, आणि पोरीचा काका.

विहिरीजवळचं अर्धा एकर रान निवडलं. शेषेरावांच्या मनाला ते पटत नव्हतं, कारण तिथं दरवर्षी त्यांची ज्वारी असायची. पण ते आडवे आले नाहीत. पोरगं घरी राहतंय म्हटल्यावर बापानं ज्वारी सोडली, यात काय नवल? सासूबाई लक्ष्मीबाईंनी मात्र ऐकवलं, "भाकरी कशाची खानार हाव मग? लाह्याची?"

कंपनीचा माणूस म्हणून हारिस आला. तो काही परका नव्हता. अहमदपुरात मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या नासिरभाईंचा तो थोरला मुलगा. शेषेरावांच्या विहिरीतली मोटार नासिरभाईंनी किती वेळा वर काढली असेल याला गणती नाही, आणि लहान असताना हारिस बापाच्या मागं मागं याच रानात यायचा. आता त्याच्या अंगात कंपनीचा निळा शर्ट होता. त्यानं बांधावर उभं राहून सगळ्यांना समजावून सांगितलं.

"चार ओळी मादीच्या, मग एक नराची. पुन्हा चार मादीच्या, एक नराची. नराच्या ओळीला मी लाल फडकं बांधून ठेवतो, म्हंजे गडबड व्हनार न्हाई. मादीच्या झाडाला तुरा दिसला की काढायचा. फुटायच्या आत. एक जरी तुरा राहिला आन् त्याची पावडर उडाली, तर बी खराब."

"आन् नराचं काय करायचं?" शेषेरावांनी विचारलं.

"नराच्या ओळीचं आपल्याला काही नको काका. त्या कापून म्हशीला घालायच्या. त्यातलं एक बी कनीस मादीत मिसळलं तर सगळा प्लॉट गेला म्हनून समजा."

खरं तेच तो बोलला होता. कधी कापायच्या, तेवढं राहून गेलं. त्याच्या लेखी ते सांगायची गोष्टच नव्हती.

आणखी एक अट होती. प्लॉटच्या चारी बाजूंनी दूरवर दुसरी मका नको. दयानंद शेजाऱ्यांच्या दारोदार हिंडला. बाकीच्यांनी मान हलवली. शेजारचा बजरंग मात्र अडून बसला. त्यालाही मका लावायची होती. दयानंदनं त्याच्या ओट्यावर तीन वेळा बसून चहा न मिळता उठून यायचं सोसलं, तेव्हा कुठं बजरंग म्हणाला, "जा, हरभरा टाकतो. तुझ्यापायी. ध्यानात ठिव."

ध्यानात ठेवायचं काम बजरंगनंच केलं. येता-जाता तो ऐकवायचा.

मका वाढली. डोक्याच्या वर गेली. मार्गशीर्ष लागला तशी तुरे काढायची घाई सुटली. रत्नम्मा पाच-सहा बाया घेऊन यायला लागली. रत्नम्मा मूळची देगलूरकडची, तोंडानं फटकळ आणि हातानं चलाख. बाया नवऱ्यांचे जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट लुगड्यावर घालायच्या, तोंडाला फडकं बांधायच्या, कारण मक्याचं पान कातडीवर ब्लेडसारखं फिरतं. तरीही संध्याकाळपर्यंत मनगटं आणि गळा ओरबाडून निघायचा, आणि त्यावर घाम उतरला की चुरचुरायचं. तुरा एका हातानं धरायचा, खोड दुसऱ्या हातानं दाबायचं आणि सरळ वर ओढायचा. टक्कन निघून यायचा. पानं सोबत आली तर कणीस हलकं पडतं म्हणून पुनम मागून बघत यायची.

"रत्नम्मा, दोन पानं आली बघ त्याच्यासंगं."

"आली तर आली. घरी नवऱ्याच्या शेंडीला हात लावायची सोय न्हाई माय, हितं तरी उपटू दे."

बाया हसायच्या. पुनमही हसायची. तिचे हात सुजले होते, बोटांच्या पेरांत काळं बसलं होतं, तरी त्या दिवसांत ती मनातून सुखात होती. दुपारी दयानंद ऋतुजाला खांद्यावर घेऊन भाकरी घेऊन यायचा. पोरगी आता त्याला बाबा म्हणायला लागली होती. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तो पुनमकडं बघून नुसता मान खाली घालून हसला होता.

आणि मग येळवस आली.

येळवस म्हणजे या भागातला सगळ्यात मोठा सण. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळी माणसं रानात. ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोपी, म्हणजे छोटी खोप, करायची, कोपीत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांच्यापुढं पालेभाज्या नि कडधान्यांची भज्जी, पिठाचे वाफवलेले उंडे, ताकातली आंबील, खीर ठेवायची, आणि येईल जाईल त्याला जेवू घालायचं. लक्ष्मीबाईंच्या लेखी तो काळ्या आईच्या डोहाळजेवणाचा दिवस. रान भरात आलेलं असतं, त्याला त्या दिवशी ओरबाडायचं नसतं.

आता रानात ज्वारी नाही आणि घरचा जुना कडबाही म्हशीनं संपवलेला, मग कोपी कशाची करणार? शेषेराव दोन दिवस आधी बजरंगकडं गेले. त्याच्या गोठ्यामागं जुन्या कडब्याची गंजी होती.

"धा-पंधरा पेंढ्या दे बाबा. कोपीपुरत्या."

बजरंग बैलांना पाणी दाखवत होता. मान वर न करता म्हणाला, "माज्या बैलाला पुरंना नाना. आन् तुमी मका लावलीव ना मोठी कंपनीची? मग मक्याचीच करा की कोपी."

तिथं आणखी दोघं-तिघं बसले होते. ते हसले. शेषेरावांनी पंचा झटकला, खांद्यावर टाकला आणि घरी आले. घरी कुणाला काही सांगितलं नाही. सत्तरीतल्या माणसाला पंधरा पेंढ्यांसाठी चार माणसांत बोलणं खावं लागलं, हे सांगण्यासारखं होतं का?

येळवशीच्या आदल्या दिवशी बाया संध्याकाळी हात धुऊन निघाल्या. प्लॉटचा खालचा भाग राहिला होता. तिथं विहिरीचं पाणी मुरतं म्हणून मका मागं पडलेली, तुरे आत्ता कुठं पोंग्यातून डोकं काढत होते.

"रत्नम्मा, सकाळी दोन तास या ना," पुनम म्हणाली. "एवढंच राहिलंय."

"येळवशीला?" रत्नम्मानं तिच्याकडं पोरीकडं बघावं तसं बघितलं. "तू दुप्पट दे न्हाई तर चौपट दे, एक बी बाई येनार न्हाई. पुनमबाई, परवा येतो."

घरात विषय निघाला. लक्ष्मीबाई उंड्याचं पीठ चाळत होत्या. त्यांनी चाळणी थांबवली.

"उद्या त्या रानात कुनी हात घालायचा न्हाई. सांगून ठिवते. भरल्या वटीच्या बाईचे केस उपटतं का कुनी?"

"आत्याबाई, उद्या ते तुरे फुटतील. हारिसभाऊ म्हनलेत—"

"हारिस काल आलाय. मी हितं चाळीस वर्षं झाली येळवस करून राहिले."

पुनमनं नवऱ्याकडं बघितलं. दयानंद पोरीला मांडीवर घेऊन तिच्या पायातला काटा शोधत होता. "एका दिसानं काय होतंय," तो म्हणाला. "परवा सगळे मिळून काढू. माय म्हनते तर राहू दे."

तिनं गोठ्यात जाऊन हारिसला फोन लावला. तो म्हणाला, "वैनी, तुरा फुटला की गेला. तपासनीच्या सायबाला तेवढंच पायजे असतं. कसं बी करा, पन फुटू देऊ नका. आन् उद्या मी जेवायला येतोच हाव."

पुनम सकाळी सगळ्यांच्या आधी उठली. "भज्जीला चाकवत घेऊन येते," असं सासूला सांगून टोपली घेऊन निघाली. बाहेर नुसतं धुकं होतं. मक्याच्या पानांवर दव इतकं की पहिल्या ओळीतच ती खांद्यापर्यंत भिजली. वरच्या भागाकडं ती गेलीच नाही, खालच्या बाजूनं आत शिरली. तिच्या मनात भीती होती. ती काही शिकलेली म्हणून त्या दिवसाला न मानणारी नव्हती. माहेरीही येळवस होती. प्रत्येक तुरा निघताना टक् आवाज यायचा आणि तिला वाटायचं, आपण काही तरी वाईट करतोय. "माफ कर माय," असं ती पुटपुटायची आणि पुढचा ओढायची. पोरीचं बाबा म्हणणं तिच्या कानात होतं, त्याच्या जोरावर हात चालत होते. ऊन पडायच्या आत तिनं खालचा सगळा भाग साफ केला. एकही तुरा ठेवला नाही. मागं फिरून पुन्हा एकदा बघितलं, दोन लपलेले सापडले, तेही काढले. सगळे तुरे ओढ्यात टाकून दिले, टोपलीत चाकवत भरला आणि घरी आली.

लक्ष्मीबाईंनी तिच्या ओल्या लुगड्याकडं बघितलं, मनगटावरच्या ताज्या ओरखड्यांकडं बघितलं.  चाकवत तिच्या हातातून न घेता खाली ठेवायला लावला.

त्यानंतर चूल आणि पुनम. दयानंद मोटारसायकल घेऊन हारिसला आणायला अहमदपूरला गेला. शेषेराव कोयता घेऊन रानाकडं गेले. कोपी करायला, एवढंच म्हणाले.

ऊन चढल्यावर सासू-सुना निघाल्या. पुनमच्या डोक्यावर भज्जी-उंड्यांची पाटी, लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर आंबिलीचं मडकं, मध्ये ऋतुजा. ओढा ओलांडला तशी पोरगी ओरडली, "माय, आपली कोपी बघ किती मोठी."

पुनमनं वर बघितलं. विहिरीच्या काठाला कोपी उभी होती. दरवर्षीची कडब्याची कोपी कमरेएवढी, पिवळी, रोडकी. ही माणसाच्या वर गेलेली, हिरवीगार, आणि तिच्या टोकाला मक्याचे तुरे वाऱ्यावर डुलत होते. तुऱ्यांच्या मध्ये शोभेला म्हणून लाल फडकी बांधलेली होती.

तिनं ती फडकी ओळखली. पाटी डोक्यावर तशीच धरून ती बांधावर उभी राहिली आणि रानाकडं बघितलं. चार ओळी, मग मोकळी जागा. चार ओळी, मग मोकळी जागा. थेट पलीकडच्या बांधापर्यंत.

शेषेराव कोपीपुढं सडा टाकत होते. घामानं बंडी अंगाला चिकटलेली, हातांवर ओरखडे. कितीतरी दिवसांत इतके खुशीत ते दिसले नव्हते.

"बघ ग पुनम. बजरंग्या म्हनला, मक्याची कोपी करा. म्हनलं, करून दावतो. शिवारात हाय का अशी कुनाची? सगळे नर काढले. एक ठिवला न्हाई. कोपीला घेतले आन् राहिलेले म्हशीला टाकले, सनाचं तिलाबी गोड लागू दे. न्हाई तरी कापायचेच हुते ते. दयाचं एक काम वाचलं."

"मामा," एवढंच पुनमच्या तोंडून निघालं.

"मादीला बोट लावलं न्हाई बघ. आजच्या दिसाला लेकुरवाळीला हात लावायचा नसतो. नराचं काय, आन् ते बी देवासाठी. आठवडाभर बघून राहिलोय, तुमी तुऱ्याच्या मागं लागलाव. त्यो सगळा तुराच हुता की."

ती त्यांना काय सांगणार होती? तिला स्वतःला अजून पुरतं कळलेलं नव्हतं. तिनं पाटी उतरवली आणि कोपीत दगडांपुढं पानं मांडायला लागली. हात आपोआप चालत होते.

दयानंद आणि हारिस आले तेव्हा पंगत बसली होती. रत्नम्मा आणि तिच्यासोबतची गुरम्मा, वरच्या आळीतले दोन-चार जण, आणि बजरंगही आला होता, कारण येळवशीला कुणी कुणाच्या रानात जेवायला नाही म्हणत नाही. हारिसनं बूट काढले, हात धुतले, पानावर बसला. लक्ष्मीबाईंनी त्याला लहानपणीसारखी हातानं भज्जी वाढली. पहिला घास तोंडाजवळ नेताना त्याचं लक्ष कोपीच्या टोकाकडं गेलं. घास खाली आला. मग त्यानं वळून रानाकडं बघितलं.

"काका, हे कवा कापलं?"

"सकाळी. का रं?"

हारिसनं पानाकडं बघत हळू आवाजात सांगितलं. लहान पोराला समजावं इतकं सोपं करून. नराच्या तुऱ्याची पावडर मादीच्या कणसाच्या केसांवर पडली तरच दाणा भरतो. केस अजून बहुतेक झाडांना निघालेलेच नाहीत, चार दिवसांनी निघतील. आणि तेव्हा आता नर नसणार. नर कापायचे असतात, पण दाणा धरल्यावर.

कुणी जेवेना. शेषेरावांच्या हातात आंबिलीचा द्रोण होता, तो त्यांनी खाली ठेवला नाही की तोंडाला लावला नाही.

"शेजारी मका असती तर तिची तरी पावडर आली असती," बजरंग म्हणाला. यावेळी तो टोमणा मारत नव्हता. "पन मी तर हरभरा टाकला."

दयानंद उठून उभा राहिला होता. हारिसनं त्याचा हात धरून खाली बसवलं. "थांब, थांब. बियान्याचं गेलं, ते गेलं. पन एक करता येतंय. खालच्या अंगाचे तुरे ऱ्हायलेत ना अजून? काल वैनी म्हनल्या हुत्या, आन् आज सनाचं कोन काढनार? ते आता काढू नका. हाय तसे फुटू द्या. त्याच्यावर अर्धं रान तरी भरंल. साधी मका म्हनून बाजारात जाईल. सायबाला मी सांगतो, अपघातानं गेलं, मानसं कामाची हायत, पुढच्या साली पुन्हा द्या. रानात पीक दिसलं तर मला बोलायला जागा ऱ्हाती."

दयानंदनं पुनमकडं बघितलं. त्याच्या तोंडावर आशा होती. ती आशा बघून पुनमला वाटलं, आत्ता जमीन फाटावी. पण बोलावं तर लागणारच होतं.

"ते मी काढले," ती म्हणाली.

"कवा?"

"सकाळी. चाकवत आनायला आले तवा."

"सगळे?" हारिसनं विचारलं.

"सगळे."

रत्नम्मानं तोंडाला पदर लावला. लक्ष्मीबाई म्हणाल्या, "आजच्या दिवशी. नको म्हनलं हुतं मी." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर पुनमला बरं वाटलं असतं.

दयानंद बायकोपुढं येऊन उभा राहिला. चार माणसं बघत होती. "एक दिवस," तो म्हणाला. "एक दिवस तुला ऱ्हावलं न्हाई. माय म्हनली, मी म्हनलो. तू काय लई शानी लागून गेलीस? तू हात लावला नसता तर आज कायतरी हाताला लागलं असतं." मग तो ओढ्याच्या बाजूला निघून गेला. ऋतुजा बाबा बाबा करत त्याच्या मागं पळाली आणि पडली. तिला उचलायला हारिस गेला.

नराच्या ओळींबद्दल दयानंद एक शब्द बोलला नाही. बापाकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

माणसं गेल्यावर शेषेरावांनी स्वतःच्या हातानं कोपी मोडली. सांज व्हायच्या आत कोपी मोडायची नसते, पण लक्ष्मीबाईही त्यांना आडव्या आल्या नाहीत. तुऱ्याकडचे शेंडे कापून त्यांनी बादल्यांत पाणी घालून उभे केले. हारिस जाताना म्हणाला होता, काही उपयोग होणार नाही, फार तर एखादा दिवस टिकतील. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी सासरा आणि सून रानात होते. वरच्या अंगाला काही थोड्या झाडांच्या कणसांना केस नुकते डोकावत होते. पुनम एकेक कणीस शोधायची, शेषेराव त्यावर तुरा झटकायचे. पिवळी पावडर थोडी पडायची, जास्त वाऱ्यानं जायची. दुपारपर्यंत तुरे मान टाकून बसले, झटकलं तरी काही पडेना. म्हातारा तरी झटकत राहिला. शेवटी पुनमनं त्यांच्या हातातून तुरा काढून घेतला.

दयानंद त्या दिवशी रानात आला नाही. नंतरही आला नाही. संक्रांतीच्या आधी त्यानं बॅग भरली. अहमदपूरच्या स्टँडवर पुनम पोरीला घेऊन गेली होती. एस.टी. लागेपर्यंत त्यानं ऋतुजाला चिवडा घेऊन दिला, तिच्या टोपीच्या बंदाची गाठ दोनदा सोडून बांधली. पुनमला म्हणाला, "नानाला जप." गाडी हलल्यावर त्यानं हात केला, तो पोरीला केला की आपल्याला, हे तिला ठरवता आलं नाही.

कंपनीनं प्लॉट रद्द केला. पुढच्या वर्षी बियाण्याची मका बजरंगच्या रानात लागणार असं ठरलं. हारिस खाली मान घालून ते सांगायला आला आणि जाता जाता म्हणाला, तुम्ही तेवढी जवळपास मका लावू नका.

माघ सरता सरता पुनम आणि शेषेराव मका कापायला लागले. कणसं बाहेरून चांगली दिसायची, हिरव्या पानांत गुंडाळलेली, जाडजूड. सोललं की आत नुसतं पांढरं बुरकूंड, दाणा नसलेलं, म्हाताऱ्याच्या हिरड्यांसारखं. पहिल्या दिवशी शेषेरावांनी आठ-दहा सोलून बघितली, मग सोलणं सोडून दिलं. म्हशीला पेंढ्या टाकायच्या आणि पुढं सरकायचं. वरच्या ओळींत मात्र एखाद्या कणसात पाच-सात दाणे निघायचे, इथं एक, तिथं एक, पिवळेधमक. त्या सकाळी झटकलेल्या पावडरीचे. शेषेराव ते नखानं उकरून बंडीच्या खिशात टाकायचे.

"हे बी हाय का ग?" एकदा त्यांनी विचारलं.

"हाव मामा. हेच ते बी."

दयानंदचा फोन यायचा तो दुपारच्या सुट्टीत. त्या दिवशी पुनमचे हात चिकट होते म्हणून तिनं फोन बांधावर ठेवला आणि मोठ्या आवाजावर लावला. पोरगी कशी आहे, माय कशी आहे, झालं. मग तो म्हणाला, "कापनी झाली का?"

"चालू हाय. चारा लई झाला."

"चाराच व्हनार," तो म्हणाला. "ऐकलं असतंस तर..." पुढचं त्यानं सोडून दिलं. रोज एवढंच म्हणायचा, आणि रोज इथंच सोडून द्यायचा.

शेषेराव कोयता घेऊन उभे होते. फोनवर बोलायची त्यांना सवय नव्हती, फोन बघितला की ते लांब सरकायचे. पण ते बांधाशी आले, खाली वाकले आणि फोनजवळ तोंड नेऊन मोठ्यानं बोलले.

"दया. तिला बोलू नको. नर मी कापलेत बाबा. पहिलं मी कापले. तिचं काय चुकलं न्हाई."

पलीकडं यंत्रांचा आवाज येत राहिला. 

"मला काय ठावं न्हाई का नाना," शेवटी तो म्हणाला. "ठावं हाय. पन तुमाला कसं बोलू मी?"

शेषेराव तसेच वाकून राहिले. मग कमरेवर हात ठेवून उठले आणि कापलेल्या मक्याकडं चालू लागले, कोयता बांधावरच विसरून.

पुनम फोनपाशी बसून राहिली. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चार माणसांत तिला बोलला तेव्हा माहीत होतं, स्टँडवर माहीत होतं, रोज दुपारी माहीत होतं. बापाला बोलता येत नव्हतं, आणि कुणाला तरी बोलल्याशिवाय राहवत नव्हतं, आणि ती समोर होती. तिला राग आला, फार राग आला, आणि रागाच्या खाली त्याची कीवही आली, आणि ती कीव आल्याचा पुन्हा राग आला.

"पुनम," तो पलीकडून म्हणाला. "हायस का?"

"हाय."

फोन ठेवण्याआधी ती दररोज त्याला विचारायची, जेवलाव का. तो वाट बघत थांबला आहे हे तिला ऐकू येत होतं. तिनं विचारलं नाही. फोन बंद केला, कोयता उचलला आणि म्हाताऱ्याला द्यायला गेली.